हरभऱ्याएवढी काच

आमच्या लग्नातला फोटो पाहून गेवराईला माझी आई रडली होती, बरं का. तिपाईवरच्या त्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यापुढे मी अशी ताठ उभी, जशी काही शिक्षाच झालीय. "पोरगी सुखात न्हाई," हे आईनं मनात धरलं ते धरलंच.

मग यांनी हैदराबादेहून खिशात मावणारा कॅमेरा आणला. त्याची काच हरभऱ्याएवढी. सासूबाई आणि मी अंगणात उन्हाला शेवया करत बसलो होतो, तर हे तो घेऊन समोर आले. मी घाईनं पदराकडे हात नेला.

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्याशा डोळ्याला काय दिसतंय? शेवई दिसली तरी लई झालं."

मला हसू आवरेना. कॅमेरा समोर आहे हेच मी विसरले, आणि तेवढ्यात खट्कन आवाज झाला.

फोटो गेवराईला गेला. आईचा निरोप आला, "पोर लई सुखात हाय. पण सासूपुढं डोईवर पदर कावून न्हाई?"

सासूबाईंनी घरातली प्रत मागवून नीट निरखली आणि यांना म्हणाल्या, "विहीणबाईला लिही, सासूच्या तरी डोईवर कुठं हाय!"