तिन्हीसांजेची फुली

सकाळपासून आभाळ असं लख्ख, ढगाचा ठिपका नाही, ऊन म्हणजे डोळे दिपवणारं... आणि असल्या दिवशी तो वुर्झिंगर मला म्हणतो, "बघा आजोबा, किती स्वच्छ दिसतंय!" अरे, दिसणारच की! जूनच्या भर दुपारी कुणाला दिसत नाही? वुर्झिंगर म्हणजे आमच्या झ्वेटल गावचा बंदूकवाला. भला माणूस, पण बंदुकीवरच्या दुर्बिणीतली नेम धरायची फुली दुपारी दाखवतो! तुम्हाला सांगतो, कंदील कुणी उन्हात पारखतं का? मला ती फुली रानडुकरावर धरायचीय, तिन्हीसांजेला, मचाणावरून. दिसलं पाहिजे, बाकी सगळं मागनं!

शाळेत मी फार गेलो नाही, पण फुल्यांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. वडिलांच्या जुन्या दुर्बिणीत फुली कसली, तीन जाड खांब. दोन आडवे, एक खालून उभा. अंधारात झकास दिसतात! पण उभ्या खांबाच्या टोकावर डुकरीण धरली, की तिच्या पोटाखालचं सगळं खांबामागे. पायाशी पिलं आहेत की नाहीत, कळणार कसं? गेल्या साली बोट घोड्यावर गेलं होतं हो... तेवढ्यात खाली काहीतरी चिरकलं. लेकुरवाळी होती! आमच्यात शिकार साधली की शिकाऱ्याच्या टोपीत मानाची डहाळी खोवतात, पण लेकुरवाळी मारली तर पाठ फिरवतात. आणि लोकांचं सोडा, मला झोप लागली असती का? तेव्हापासून मचाणावर बसतो, पण एक गोळी झाडली नाही मी.

यंदा मात्र रानात डुकरं दुप्पट, आणि मचाणाखाली शेजारणीचं, बुर्गीचं, बटाट्याचं शेत. तिनं बजावलं, "पोल्डी, यंदा बटाटा गेला ना, तर अख्खा हिवाळा तुझ्या दारात ताट घेऊन बसेन!" बसेलही ती.

तर वुर्झिंगरनं एक फुली दाखवली, केसासारखी बारीक. "लांबच्या नेमाला अचूक, आजोबा!" लांबचं काय करू? माझं डुक्कर साठ पावलांवर! मग लाल दिव्याची दाखवली. "अंधारात कशी चमकते बघा!" चमकते ना, डोळ्यात निखारा पडल्यासारखी. मी म्हटलं, "बाबा, मी बसतो. अंधार पडला की सांगतो."

"अहो, जून आहे! अंधार साडेनऊला पडतो, दुकान सहाला बंद होतं!"

"करा की बंद. मी पायरीवर बसतो."

बसलो. मला कसली घाई? सातला त्याची बायको वाटीभर सूप घेऊन आली आणि नवऱ्यावर ओरडली, "अहो, म्हाताऱ्या माणसाला काय ताटकळत ठेवलंय!" मीच त्याला ताटकळत ठेवलं होतं, पण सूप चांगलं होतं, पीत राहिलो. शेवटी उजेड मावळला. त्यांचं काळं कुत्रं पलीकडे झुडपाशी पडलेलं. बंदूक घरीच होती हं, हातात नुसती दुर्बीण. बारीक फुली लावली, फुली गायब. लाल दिव्याची लावली, कुत्रं गायब! मग त्यानं चार नंबरची फुली दिली. कडेला जाड खांब, नजर आपोआप मधे नेतात, आणि मधोमध नुसतं सूत. कुत्र्याचे चारी पाय मोजले मी! म्हटलं ना, दिसलं पाहिजे, बाकी सगळं मागनं. वुर्झिंगर जांभई देत म्हणाला, "घेताय ना एकदाची?" घेतली.

दुसऱ्या संध्याकाळी मचाणावर. आली डुकरीण, मागनं सात पिलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! आईला सोडायचं, पिलू धरायचं, कायदाच आहे आमचा. धरलं. तर पाठीवरचे पट्टे दिसले... नाकाला लागलेली माती दिसली... एक लबाड दुसऱ्याला ढुशी देऊन त्याच्या तोंडचा बटाटा पळवत होतं, तेही दिसलं! आता बोट हलेल का हो? श्वास रोखून बघत राहिलो. दिसलं पाहिजे म्हणत होतो ना, दिसलं! बुर्गीच्या बटाट्याच्या दोन सऱ्या फस्त.

सकाळी बुर्गी आली, कमरेवर हात. मी म्हटलं, "सगळं खरं, पण फुली बघ काय निवडलीय!"

ती म्हणाली, "अरे पोल्डी, तुला दिसत नव्हतं तेव्हा तू वर बसून आपला बडबडायचास, 'सरक गं बाई, पाय दाखव गं जरा!' माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. डुकरं त्यालाच भिऊन पळायची. ती दुर्बीण ठेव घरी, आणि आज संध्याकाळपासून नुसता बोलायला येत जा!"