पटाची गाडी

ऐका हो ऐका! तमाम लहानथोर मंडळीले, शेतात गेलेल्या आन् ओट्यावर बसलेल्या सगळ्याइले अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की दर्यापूर-अकोला लायनीवर उभा जलम सवाऱ्या वाहणारा बबन जीपवाला, ज्याचे केस पिकले, गुडघे कुरकुरले, तीन लेकी सासरी गेल्या, त्यानं या वयात कॉलेजच्या पोट्ट्याइले शोभन अशी एक लहानशी, चपळ, भन्नाट पळणारी गाडी घेतली हाय, अन् तेही जुनी, पारखून घेतलेली. ज्याले हसाचं त्यानं आत्ता हसून घ्यावं, मंग मले, म्हणजे त्या बबनलेच, बोलू द्यावं. झालं हसून? हं.

आता बुडापासून सांगतो. माह्या बापाची शेती काळ्या जमिनीची, दर्यापूरच्या अलीकडे, कपाशी, तूर, ज्वारी, सारं काही होतं, पण बापाचं मन काही कपाशीत नव्हतं, त्याचं मन शंकरपटात. तुमी पट पाहिला नसन तर काय सांगू तुमाले, मोकळ्या रानात सरळ धाव आखलेली, दोन्ही अंगानं माणसाइच्या भिंती, हलकीशी गाडी, तिले दोन बैल, आन् वर हाकणारा धुरकरी, धड बसलेला नाई आन् धड उभाबी नाई, मधातच कुठंतरी लटकलेला, आन् जोडी सुटली की तुमी शिंकता शिंकता पार निघून गेलेली असते, फक्त धूळ राहते आन् माणसं बोंबलत राहतात. माह्या बापाजवळ चमक्या नावाचा बैल होता, बुटका, आखूड पाठीचा, बाजूच्याच्या दांडग्या बैलापाशी उभा केला तर वासरू वाटे. पण पळाले लागला का मंग देवाचीच करणी. आन् माय माही रोज सकाळी त्याच्यासमोर ढेपीचं टोपलं आपटे आन् म्हणे, सरकी खाते, ढेप खाते, वखराले जुंपलं का पाय आपटते, हा बैल ठेवला का पाव्हणा ठेवला?  बाप बैलाकडे पाहे आन् गालातल्या गालात हासे.

बैल घेताना बाप शिंगं पाहत नसे, रंग पाहत नसे, विकणारा काय सांगते ते तर ऐकतच नसे. बैलाले नदीच्या उतारावरून वर पळवत आणाले लावे, मंग त्याच्या बगलेत तळहात ठेवून डोळे मिटून उभा राहे. मी विचारलं, बाबा, काय पाहता? तर म्हणे, पळते त सारेच, पळून आल्यावर धडधड किती लवकर बसते ते पाहून राहिलो. एकदा, एकदाच, त्यानं मले सरावाच्या वेळी गाडीवर घेतलं, त्याच्या पिंडरीले मिठी मारून बसलो, आन् चमक्या सुटला. तोंडात वारा घुसला, श्वासच घेता येईना, टोपी गेली, ती कुठं गेली कोणाले ठाऊक. उतरल्यावर मी रडलो म्हणे. मले ते रडणं आठवत नाई, मले तो वारा आठवते.

आन् असा वारा खाल्लेल्या माणसानं मोठं होऊन काय करावं? तर जीप घ्यावी! सवारीची जीप, वऱ्हाडातली सगळ्यात सुस्त वस्तू. भरल्याशिवाय हलाचं नाई हा तिचा पहिला नेम, आन् भरली म्हणजे किती, तर आता माहं अर्धं अंग दाराबाहेर गेलं म्हणजे भरली. एक बूड सीटवर, एक हवेत, उजवा पाय कधी ब्रेकवर तं कधी कोणाच्या पिशवीवर. टपावर ब्यांडवाल्याइचे ढोल, मागं लटकणारे वेगळे. एक गुरुजी होते, गाडी भरेपर्यंत बोनटवर पोराइचे पेपर तपासत, आन् आम्ही सारे वाकून पाहू का कोण नापास होऊन राहिला. हुरड्याच्या दिवसात सवाऱ्या पदरातून हुरडा देत, संत्र्याच्या दिवसात डॅशबोर्डावर साली वाळत, पूर्ण गाडीले संत्र्याचा वास. आन् जरा कुठं रस्ता मोकळा भेटला, जरा पाय दाबला, का मागून दहा तोंडानं एकच, हळू रे बापू, हळू, पोटात लेकरू हाय, मांडीवर अंडे हायेत, वरतं ढोल हाय. हळू, हळू, हळू. माहं नावच हळू ठेवलं असतं तरी चाललं असतं.

आन् आमची शांता, म्हणजे घरधनीण, माहेरी जायाले निघाली का आपल्याच जीपमधे, पण पुढची सीट काही तिच्या नशिबात नाई, पुढं पैशाची सवारी. फाट्यावर हात दिसला का मी मागं न पाहताच म्हणो, शांते, सरक. असं सरकत सरकत ती मागच्या दारापाशी पोचे, मांडीवर कोणाचं तरी लेकरू घेऊन. कधी कुरकुरली नाई. घरी आल्यावर मातर भाजीत तिखट जास्त पडे.

आता जीप म्हातारी झाली, पुढं चालवाची परवानगी संपली, अकोल्याच्या एकानं नेली. ती गल्लीतून वळली तवा मी घरात जाऊन उगाच फळीवरचे डबे इकडचे तिकडे केले. तिचे पैसे आले, आन् असे पैसे आमच्या घरात एकदाच येतात, पुन्हा येणार नाईत, हे सगळ्याइले ठाऊक. म्हणून बैठक बसली. आमचे मोठे जावाई अकोल्याचे, मोबाईलचं दुकान हाय त्याइचं, माणूस देवासारखा, पण उंची अशी का आमच्या दारातून आत येताना वाकावंच लागते. ते म्हणे, मामाजी, सात सीटची घ्या, दिवाळीले आमी तिघं जावाई, तीन लेकी, लेकरं, एकाच गाडीत सारे कौंडण्यपूरले दर्शनाले जाऊ. लेकीइनं माना हलवल्या. मी म्हटलं, मले लहान पाहिजे, पण पळणारी.  मंग शांता म्हणे, पाहाले काय जाते, पाहा. पण मी बसून पाहीन, मंगच पैसे सुटतीन. आता तुमीच सांगा, ज्या घरात शांतानं हो म्हटल्याशिवाय कुकर शिट्टी देत नाई, तिथं माही काय टाप?

निघालो. शांता तं होतीच, जावाईबी संग, कारण त्याइले मोबाईलवर सारं दिसते. पहिली गाडी अकोल्याले, मालक म्हणजे कसरत करणारा एक पोट्टा, दंड असे का बाह्या फाटतीन. गाडी लाल, पाठीवर पंख, खालून निळे लाइट, आन् सायलेन्सर असा बदललेला का चालू केली तर शेजारच्याची म्हैस दोर तोडून उभी राहिली. जावाई म्हणे, वा! मी खाली बसलो, टायरावरून हात फिरवला. वरून काळंभोर, पॉलिश मारलेलं, आतली कड मातर टक्कल. स्टेरिंग सोडलं का गाडी आपली डाव्या हातानं नालीकडे. एका दाराचा लाल जरा वेगळा, म्हणजे कुठंतरी ठोकून आलेली. सुंदर नटवलेली होती, पण नटवणाऱ्याले तिची दया नव्हती. तरी म्हटलं भाव तं विचारू, आन् सवयीनं, आता काय सांगू, खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकला आन् त्याच्या खाली हात पुढं केला. गुरांच्या बाजारात तसंच असते ना, दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव, बाजूच्याले कळू नाई. त्या पोट्ट्यानं माह्याशी मस्तपैकी शेकहँड केला आन् म्हणे, थँक्यू काका! जावाई तिकडे तोंड करून आकाश पाहून राहिले.

दुसरी अमरावतीले, जुन्या गाड्याइच्या यार्डात. पांढरी, झकपक, आत अत्तराचा वास. मागं मोठ्या अक्षरात टर्बो लिहिलेलं. विकणारा म्हणे, साहेब, वाघ हाय वाघ. मी चालवली. वाघ कायचा, देवळातला नंदी! पाय पार चटईपर्यंत गेला तरी ती आपली विचार करून राहिली का जावं का नाई. साधीच गाडी, पाटी नुसती बाजारातून आणून चिकटवलेली. शांता मागं बसली होती, म्हणे, चांगली हाय, आवाज नाई करत.  मी मनात म्हटलं, गेलं, आता हीच गळ्यात पडते. जावाई म्हणे, मामाजी, इकडे सात सीटचीबी उभी हाय. शांतानं तिच्याकडे पाहिलं, दार उघडलं, आत बसली, हात फिरवला. 

तिसरी गाडी एका वळखीच्या माणसानं सांगितली, म्हणे, अमरावतीच्याच एका डॉक्टरीणबाईची हाय, पाहून या. मी म्हटलं, शेवटची. गेलो तर काय, रंग राखाडी, तळ्यातून निघून वाळलेल्या म्हशीसारखा, ना पंख ना लाइट. बुटकी, आखूड, रुंद बसकी. डॉक्टरीणबाई माह्याच वयाच्या, चांदूर रेल्वेले दवाखान्यात जायाच्या ह्याच गाडीनं, आता पाठ दुखते, खाली वाकून बसणं होत नाई, म्हणून विकून राहिल्या. कोणी विचाराच्या आतच म्हणे, हा मागचा कोपरा मीच माझ्या फाटकाला ठोकलाय, क्लच नवीन टाकलाय, तेल कधी कमी पडू दिलं नाही, पण हळू चालवली असं खोटं सांगणार नाही. आन् मले बाजूले बसवून निघाल्या. काय सांगू तुमाले! बाईनं दुसरा गिअर टाकला, आपण बसल्या शांत, आन् गाडीनं पाठीत अशी थाप मारली का माही मान मागं आपटली. तोंडात वारा घुसला हो. खिडकी बंद होती तरी घुसला.

परत आल्यावर मी उतरलो, बोनटवर तळहात ठेवला आन् डोळे मिटले. बाई म्हणे, काय पाहता, ताप? मी म्हटलं, धडधड. त्या हासल्या नाईत. त्याइनंबी बाजूले हात ठेवला. इंजन दोनदा गुरगुरलं, मंग हळूहळू बसलं, एकसारखं, झोपलेल्या लेकरासारखं. बाई म्हणे, घेतली तर उभी ठेवू नका हो हिला. 

पण पैसे माह्या हातात कुठं होते! शांता बसाची राहिली होती. रिवाजानं पुढची सीट जावयाची, मी दार उघडून त्याइले म्हटलं या, तर डॉक्टरीणबाईनंच शांताचा हात धरून तिले पुढं बसवलं, बसा ताई, म्हणे. जावाई मागं गेले. म्हणजे घड्या घालून ठेवले म्हणा, गुडघे हनुवटीले, मान टपाले. निघालो अकोला रस्त्यानं. आन् मी, वारा खाल्लेला माणूस, चाललो जीपच्या चालीनं! पायच दाबत नाई. एका फाट्यावर चार माणसं उभी, एकानं हात केला, आन् माहा पाय आपोआप ब्रेकवर. थांबलो. त्यानं मागचं दार उघडलं, आत घडी घातलेले जावाई पाहिले आन् म्हणे, दर्यापूर? जावाई ओरडले, मामाजी, आपली गाडी हाय! मी दार लावून घेतलं, कपाळाचा घाम पुसला.  मी शांताकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर मोकळे, कोणाचं लेकरू नाई, पिशवी नाई, आन् समोर काच भरून सगळा रस्ता. असा रस्ता तिनं कधी पाहिलाच नव्हता, तिनं नेहमी मागं पळणारा रस्ता पाहिला.

मंग मी दाबला.

आता ती गाडी माह्या दारात उभी हाय, कडूनिंबाच्या सावलीत. उभी म्हणजे रात्रीपुरती. पेट्रोल पिते, खड्ड्यात पोट घासते, चार पोते सामान मावत नाई, गावचे पोट्टे चालता चालता विचारतात, बबनभाऊ, किती पळते? मी म्हणतो, तुमच्या काकूले विचारा. लेकी सुखी हायेत, गुडघे कुरकुरतात, देवानं सारं दिलं, माही कोणाजवळ काही तक्रार नाई. लोक म्हणतात बबननं म्हातारपणी हट्ट पुरवून घेतला. मी कोण हट्ट पुरवणारा! ठरवलं तिनं, त्याच रस्त्यावर, त्याच घटकेले. मी दाबला, गाडीनं उसळी घेतली, शांतानं एका हातानं पदर धरला आन् दुसऱ्या हातानं माहं मनगट, आन् मले वाटलं आता म्हणते हळू. एक एसटी मागं गेली, एक ट्रक मागं गेला, सात सीटची एक गाडी मागं गेली, शांतानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, अन् हासली, लहान पोरीसारखी, तोंडावर पदर न घेता. मागून जावाई, बिचारे, हनुवटी गुडघ्यावरून उचलून कळवळून म्हणे, पण मामाजी, दिवाळीले आमी सारे आलो तर कौंडण्यपूरले जाऊ कसे? मी उत्तर शोधाच्या आतच शांता, मान न वळवता, समोरच्या रस्त्याकडे पाहत, साऱ्या गाडीले ऐकू जाईन असं बोलली:

जावयाइले एसटी हाय ना!