दार ओढू नको

इथंच बस बाय, उंबऱ्याशी — आत नको येऊस. शिरगनतीची मास्तरीन ना तू? मग काय म्हनत होतीस — आमच्या चांदीप गावापेक्षा इथं फुलपाड्याला कैक पट मानसं? असतील की! आमच्या चांदीपला घराला घर लागत नव्हतं — शेजारनीला हाक मारायची तर बांधावर जावं लागायचं. पन चूल पेटली नाही ना, तर दिवस कासराभर वर यायच्या आत कोनीतरी दारात — काय गं द्वारका, धूर नाही दिसला? आनि इथं? भिंतीला भिंत! पलीकडच्यांचा कुकर माझ्या सैपाकघरात वाजतो — बघ, वाजला. माझा नाही तो, माझा गॅस आज बंदच आहे.

घरात मानसं किती? दोन. मी आनि आमचे हे, कृष्णा. झोपलेत — हाक नको मारूस त्यांना. सकाळपासून दार सताड उघडं ठेवलंय मी. कशाला म्हंजे? कोनी यावं म्हनून! किती मानसं गेली गं समोरून, लिफ्टकडं. समोरची रिद्धी थांबली, मला वाटलं, आली बाई — तर म्हनते, आजी, मांजर शिरेल हां, आनि जाता जाता दार ओढून घेतलं तिनं. मायाळू आहे पोर, तसं नाही. मी परत उघडलं.

ओरडायचं होतं? ओरडले की! पहाटे हंबरडा फोडला — वरच्यांनी खिडकी लावून घेतली. मग काय, दारं वाजवत फिरू? अगं, मयताला एकटं टाकून उठत नाहीत…

हो. मयत. बोलून गेले बघ. पानी मागितलं त्यांनी, आनि मी आनेस्तोवर संपलं सगळं. मुलगा जितेश बोटीवर नोकरीला, त्याचा फोन लागत नाही. गावचे नंबर यांच्याच डोक्यात होते. काय करू मी? एवढ्या मानसांत बसून काय करू, सांग ना! चांदीपला खांदा द्यायला मानसं एकमेकांना ढकलायची गं.

उठलीस? भिऊ नको, बाय. तुला तसंही वरचे सगळे मजले फिरायचेत ना — दारोदार? मग मोजता मोजता तेवढं विचार, खांद्याला कोन येतं. चारच हवेत. आनि आमच्या घरात दोन लिहायचे की एक, ते तुझं तू बघ, मला नाही सांगता येत. जा आता.

दार ओढू नको.