लाखाला तेरा कमी

(इमारतीखालचं पार्किंग, दुपार. जुनी गाडी उभी आहे, मागच्या सीटवर बाळ झोपलंय. वहिनी पुढे स्टिअरिंगशी, शेजारी तिची धाकटी नणंद, छोटी.)

वहिनी : बाबांनी मला बजावलं होतं गं. चालत्या गाडीत फेरीचे आकडे शून्य करायचं बटण दाबू नकोस, आतलं दातेरी चाक जातं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही फार जपता हो गाडीला. आणि बाळ हसतं म्हणून दाबत राहिले.

छोटी : आकडे गरकन फिरले की हसतं?

वहिनी : खिदळतं. आता भोग म्हणावं. फेरीचे आकडे हलत नाहीत आणि मोठं मीटर नव्याण्णव हजार नऊशे सत्त्याऐंशीवर ठप्प. लाखाला तेरा कमी. तुझे बाबा रोज संध्याकाळी खाली येऊन तो आकडा बघून जातात.

छोटी : बघू देत. लाख झाले की गाडी विकायचीच आहे ना? दादाने त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

वहिनी : तीच तर धास्ती आहे. बाळाला या जुन्या ब्रेकांच्या भरवशावर न्यायला नको, नवी गाडी हवी म्हणून मागे कोण लागलं होतं? मी. आता त्यांना वाटेल, हिला विकायची घाई होती ती होती, वर मोडूनही ठेवली. कधी बोलून दाखवणार नाहीत. तेच मला सोसायचं नाही.

छोटी : आधी तपासू तर दे. वेगाची सुई चालते?

वहिनी : चालते. मघाशी चाळीसवर होती.

छोटी : मग केबल शाबूत आहे. केबल गेली असती तर सुईही झोपली असती. गडबड मीटरच्या पोटात आहे. पेचकस दे.

वहिनी : तू आधी कधी असलं काही उघडलंयस?

छोटी : मिक्सर.

वहिनी : तो अजून माळ्यावर पडलाय.

छोटी : उघडला तर नीट होता ना. धर हे झाकण.

वहिनी : हळू. बाळ उठेल.

छोटी : ऐक, स्क्रू किती सहज निघाले. इतकी जुनी गाडी, गंजून घट्ट बसायला हवे होते. थांब. बॅटरी जरा इकडे मार.

वहिनी : तुटलंय का चाक? सांगून टाक एकदाचं.

छोटी : तुटलेलं नाही.

वहिनी : सुटले बाई.

छोटी : चाकच नाहीये.

वहिनी : नाहीये म्हणजे? गळून पडलं?

छोटी : बंद डब्यातून कुठे गळणार? तुकडा नाही, भुगा नाही. आणि ही बल्बची वायर बघ, कशाने बांधलीय.

वहिनी : निळ्या टेपने.

छोटी : आपल्या घरात निळी टेप कुठे कुठे आहे?

वहिनी : रिमोटला. बादलीच्या कडीला. बाबांच्या चष्म्याच्या काडीला... छोटे.

छोटी : हं.

वहिनी : गप्प. ते आलेच.

बाबा : सूनबाई, बाळाची बाटली वरच विसरलीस. अरे, उघडलंत होय.

छोटी : बाबा, चष्म्याचं घर दाखवा. जपायचं ते सगळं त्यातच ठेवता तुम्ही.

बाबा : बापाची झडती घेतेस?

छोटी : घेते.

वहिनी : बाबा, मला वाटलं माझ्याच हातून मोडलं. ते बटण दाबून दाबून.

बाबा : छे गं. तुझ्या हातून काही मोडलेलं नाही. तुला असं वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. हे घे. फडक्यात गुंडाळून ठेवलंय.

छोटी : एवढंसं? शेंगदाण्याएवढं?

वहिनी : पण काढलंत कशाला?

बाबा : तुझा नवरा म्हणाला, लाख झाले की विकू. मी मान डोलावली. तेव्हा लाख फार लांब होते. मग जवळ आले, तसा मी बाजारात चालत जायला लागलो.

छोटी : आम्हाला सांगत होतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

बाबा : विचारलं असतं तर सांगितलंच असतं त्यांनी. पुढे हे बाळ आलं. दुपारी कुठे म्हणून डोळा लागायचा नाही. गाडी हलली की मात्र मिटले डोळे. तू तर उभ्या उभ्या पेंगत होतीस. तुला कोणत्या तोंडाने सांगू, फेऱ्या मारू नकोस म्हणून? फेऱ्या थांबवता येईनात, म्हणून आकडे थांबवले.

वहिनी : मला म्हणायचं होतं ना एकदा.

बाबा : तुझी काळजी खोटी नव्हती. माझा जीव गाडीत अडकला, हा काय तुझा दोष?

छोटी : म्हणजे मधल्या फेऱ्या मीटरवर चढल्याच नाहीत. लाख केव्हाच होऊन गेले.

बाबा : गेले असतील. गाडीला कुणी कळवलं नाही, ती आपली चालत राहिली.

वहिनी : छोटे, मीटरला आकड्यांची घरं किती आहेत?

छोटी : पाच. का?

वहिनी : बाबा, करार काय होता? मीटरवर लाख दिसले की विकायची.

बाबा : हो.

वहिनी : पाच घरांत लाख दिसणारच नाहीत. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव, की पुढे सगळी शून्यं. शून्य किलोमीटरची गाडी कोण विकतं?

बाबा : हे तुझ्या नवऱ्याला पटेल?

वहिनी : त्याला मी बघते. पण माझ्या अटी आहेत. मागच्या सीटचे पट्टे नवे घालायचे, ब्रेक गॅरेजमध्ये दाखवायचे आणि निळी टेप ब्रेकच्या आसपास फिरकता कामा नये.

बाबा : फार चिवट असते गं ती टेप.

वहिनी : बाबा.

बाबा : बरं, बरं.

छोटी : बसलं चाक. मिक्सरचं नाव पुन्हा काढायचं नाही.

वहिनी : मग तेरा किलोमीटर आत्ताच जाऊन येऊ. सगळे.

बाबा : आत्ता? थांबा, तुझ्या सासूला आणतो. या गाडीत पहिली तीच बसली होती, ह्या छोटीच्या वेळी. दवाखाना येईपर्यंत मला शिव्या घालत होती. आणि शर्ट बदलून येतो.

छोटी : मीटर बघायला नवा शर्ट?

बाबा : तू गप गं.

छोटी : गेले बघ. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढतायत.

वहिनी : पडतील ना.

छोटी : नाही पडत. तू पुढे मुलगी झाली की तिच्याही मागे अशीच लागशील.

वहिनी : मुलाच्या मागे लागलेय तेवढं पुरे. बघ, झोपेतसुद्धा हसतोय लबाड.

छोटी : वहिनी, आई केव्हाची गॅलरीत येऊन उभी आहे. पर्स लावून. बाबा कुठे राहिले?

वहिनी : तू जरा वर जाऊन त्यांना बघून ये. खोलीचं दार लोटून डोळे पुसत असतील तर आवाज न करता परत फीर, आपण थांबू. आणि शर्टाची बटणं लावत असतील तर सांग, गाडी सुरू आहे.