डावा माझा, उजवा आक्काचा

जबाब
दि. ०९/११/२०२५, रविवार, सायंकाळी ५.२० वाजता

मी जोतीराम भाऊसो पुकळे, वय ४६ वर्षे, व्यवसाय खासगी कंपनीत मेंटेनन्स विभागात नोकरी, रा. शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा, मूळ गाव माण तालुक्यात. समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, माझ्या कपाळाला आज दुपारी चार टाके पडले असून मी मधूनमधून थांबून सांगत आहे. थांबतो ते टाक्यांमुळे, दुसरे कारण नाही.

माझी तक्रार माझी सख्खी थोरली बहीण हरणाबाई अर्जुना लवटे, वय ५१ वर्षे, रा. कुंडल, ता. पलूस, जि. सांगली हिच्याविरुद्ध आहे. तिने आज सकाळी ११.४५ च्या सुमारास तिच्या राहत्या घरात मला स्पीकरच्या मागच्या फळीने कपाळावर मारले. त्या वेळी तिचे पती अर्जुना लवटे व साताऱ्याचे राजवर्धन निकम असे दोघे हजर होते. दोघांनीही तिला अडवले नाही. दाजी तर कधीच कोणाला अडवत नाहीत, लग्नापासून त्यांचे तेच काम आहे.

आमचा पिढीजात धंदा मेंढरांचा. वडील भाऊसो पुकळे दरवर्षी दसऱ्यानंतर कळप घेऊन कोरेगावच्या बागायती पट्ट्यात उतरत. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात आणि त्याबद्दल धान्य देतात. १९९६ च्या सुमारास तिकडच्या, बोटीवरून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरने दोन हंगाम मेंढरं बसवून घेतली आणि धान्याऐवजी वडिलांना विलायती स्पीकरची जोडी, अॅम्प्लिफायर आणि कॅसेट वाजवायचे मशीन दिले. तो परदेशात मुलाकडे चालला होता. माझी आई रंगूबाई हिला धान्य हवे होते. ती वडिलांशी चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी स्पीकर पुसायला लागली. स्पीकर कमरेएवढे उंच आहेत, अक्रोडी रंगाचे लाकूड आहे. मागच्या पट्टीवर एकावर डावा आणि दुसऱ्यावर उजवा असे इंग्रजीत लिहिले आहे.

आई २०१५ साली आणि वडील ऑगस्ट २०२२ मध्ये वारले. वडिलांचे वर्षश्राद्ध व्हायच्या आत भावकी वाटणीला बसली. जमीन माझ्या नावावर होण्यासाठी बहिणीने हक्क सोडल्याच्या कागदावर सही करणे गरजेचे होते. तिने सही केली. जमिनीतले काही मागितले नाही, दोन्ही स्पीकर मागितले. मी देणार नाही म्हणालो. तेव्हा भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "दोन हायती न्हवं? मग येक तुला, येक तिला. भांडाण मिटलं." मेंढरांची वाटणी आमच्यात अशीच होते, त्यामुळे त्यात कोणाला काही वाटले नाही. डावा माझ्याकडे आला, उजवा तिच्याकडे गेला. अॅम्प्लिफायर आणि मशीन मला मिळाले. कॅसेटी तिला मिळाल्या. स्पीकर म्हणजे मेंढरू नव्हे, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही.

तेव्हापासून बहीण माझ्याशी बोलत नाही आणि मी तिच्याशी बोलत नाही. तीन भाऊबिजा गेल्या. तिने बोलावले नाही आणि मी गेलो नाही. यात आधी कोण हे विचारल्यास, आधी तिने बोलावले नाही.

माझ्याकडचा स्पीकर शिरवळच्या घरात तीन वर्षे पडून होता. एकट्याचा उपयोग काय? त्यावर पाण्याचा जार ठेवला होता. पत्नीने घरात जागा नाही म्हणून अनेकदा सांगितले, म्हणून मी सप्टेंबरमध्ये त्याचा फोटो मोबाइलवर विकायला टाकला. त्यावरून राजवर्धन निकम यांचा फोन आला. त्यांना जुन्या साउंड सिस्टीमचा शौक आहे. ते म्हणाले, घेईन तर जोडीच घेईन, एकटा फुकट दिला तरी नको, आणि आतले फोटो पाठवा. किंमत बरी सांगितली होती. आकडा इथे सांगण्याची गरज नाही.

दि. २५/१०/२०२५ रोजी मी आठ स्क्रू काढून मागची फळी काढली. आत कचरा भरलेला दिसला. वास येत होता व कसर लागल्यासारखी वाटत होती. कंपनीत मला मशीन आतून स्वच्छ ठेवायची सवय आहे. तो कचरा मी हाताने ओढून दोन पोत्यांत भरला, आतून ब्लोअर मारला, ओल्या फडक्याने पुसले आणि फोटो पाठवला. पोती मंगळवारी दि. २८ रोजी सकाळी घंटागाडीत दिली. फोटो पाहून निकम यांनी, आत काहीच नव्हतं का, असे विचारले. मी, नव्हतं, असे उत्तर दिले.

त्यानंतर मी बहिणीला फोन केला. तीन वर्षांतला तो पहिला फोन. ती म्हणाली, "माजा इकायचा न्हाई. तुजा काय त्यो तू बग." एवढे बोलून तिने फोन ठेवला. मी निकम यांना तिचा होकार आहे असे सांगितले. हे खोटे होते हे मान्य करतो. समोर गिऱ्हाईक बघितले की ती नरमेल असे वाटले.

आज सकाळी निकम यांच्या मोठ्या गाडीतून माझा स्पीकर, अॅम्प्लिफायर व मशीन घेऊन आम्ही १०.५० च्या सुमारास कुंडलला पोहोचलो. बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "इकायचा न्हाई म्हून सांगिटलं हुतं न्हवं तुला?" मी म्हणालो, "सांगिटलं हुतंस. पाव्हण्यास्नी आयकू तर दे." त्यावर ती निकम यांना म्हणाली, "तुमी बसा. च्या घ्या. ह्याला च्या न्हाई." मला चहा दिला नाही, याची नोंद घ्यावी. पहाटे सहाला मी घर सोडले होते.

तिचा स्पीकर सोप्यात घोंगडीखाली झाकलेला होता. त्यावर काहीही ठेवलेले नव्हते. माझ्या स्पीकरवर जारच्या बुडाचा गोल डाग पडला आहे, तो तिने पाहिला आणि बोटाने घासून बघितला. निकम यांनी दोन्ही स्पीकर भिंतीला लावून वायरी जोडल्या. बहीण आत गेली आणि एक कॅसेट घेऊन आली. ती बिरोबाच्या जत्रेतल्या ढोलाची होती. आमच्या गावच्या, ढोलावर गजी नाचणाऱ्या मंडळाची. त्यात ढोल वाजवणारे मयत वडील आहेत.

कॅसेट लावली. तिच्या स्पीकरमधून ढोल ढोलासारखा आला. माझ्यातून रिकाम्या पिंपावर काठी मारावी तसा आला. निकम यांनी वायरी अदलाबदल करून पाहिल्या, तरी डाव्यातून तेच. ते म्हणाले, हा आतून मोकळा वाटतोय. बहीण उठली. तिने माझ्या स्पीकरवर तळहात ठेवला, मग वाकून कान लावला. मग फडताळातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि कोणाला न विचारता आठ स्क्रू काढले. फळी काढून तिने कोपरापर्यंत हात आत घातला.

त्यानंतर आमच्यात जे बोलणे झाले ते असे. ती म्हणाली, "लोकर कुठं हाय?" मी म्हणालो, "कसली लोकर? कचरा हुता नुसता." ती पुन्हा म्हणाली, "जोत्या, लोकर कुठं हाय?" मी म्हणालो, "घंटागाडीत दिली." तेव्हा तिने हातातली फळी मारली.

तिने एकदाच मारले. शिवीगाळ केली नाही, धमकी दिली नाही. केली असती तर लिहायला बरे पडले असते. फळी तिने भिंतीला टेकवून ठेवली, खाली सांडलेले स्क्रू मोजून डबीत भरले आणि उंबऱ्यावर बसली. माझे रक्त गळत होते व दाजी टॉवेल शोधत होते. कॅसेट कोणी बंद केली नाही, ती बाजू संपेपर्यंत वाजत राहिली. नंतर निकम यांनी मला दवाखान्यात नेले.

आत नेमके काय होते असे विचारल्यावरून सांगतो की, २००३ च्या दुष्काळात वडिलांनी कळप विकला. विकण्याआधी शेवटची कातरणी केली. स्पीकरच्या आतले मूळचे भरण तोपर्यंत उंदरांनी खाल्ले होते. त्यात कंपनीतूनच लोकर भरलेली असते, असे त्या इंजिनिअरने वडिलांना सांगून ठेवले होते. आईने घोंगडी विणून घेऊ म्हटले. वडील म्हणाले, "घोंगडं झिजून जाईल. ह्यात ऱ्हाईल." तेवढ्यासाठी बहीण कुंडलहून आली होती. तिने आठ दिवस ओढ्यावर लोकर धुतली, उन्हात वाळवली व हाताने पिंजली. कुठली लोकर कुठल्या मेंढीची, हे ती पिंजताना सांगत होती. वडिलांनी तागडी लावून दोन सारखे वाटे केले आणि एकेक वाटा एकेका स्पीकरमध्ये भरला. मी त्या वेळी २४ वर्षांचा होतो. तागडी मीच धरली होती.

फळी काढली तेव्हा हे माहीत होते का, असे हवालदार साहेबांनी विचारले. माहीत नव्हते असे मी प्रथम सांगितले होते. माहीत होते. पोते भरताना दोन वेळा थांबलो होतो. गिऱ्हाईक काय म्हणेल याची लाज वाटली. कंपनीत वीस वर्षे मी मेंढरांचा वास कोणाला येऊ दिलेला नाही. मंगळवारी घंटागाडी गल्लीच्या टोकाला गेल्यावर मी तिच्यामागे थोडे अंतर गेलो होतो. ड्युटीची वेळ झाली म्हणून परत फिरलो.

आज दुपारी ४ वाजण्याच्या सुमारास दाजी या ठाण्यात आले. निकम माझ्याशेजारी बाकावर बसले होते. दाजी म्हणाले, "जोतीराम, ती म्हनती, दोनी बी घिऊन जा आन् इकून टाक. एकल्याचं काय आयकायचं, म्हनती." मी विचारले, रडत होती का? ते म्हणाले, "न्हाई. भाकरी करतीया." निकम म्हणाले, आहे तसे घ्यायला तयार आहे, आत भरायला नवीन लोकर मिळते.

म्हणजे मला जे पाहिजे होते ते सगळे मिळाले. गिऱ्हाईक आहे, किंमत आहे, तिचा होकार आहे. हे ऐकून बरे वाटायला हवे होते. वाटले नाही, राग आला. तीन वर्षे नाही म्हणणारी बाई एका दुपारीत हो म्हणते आणि सगळे माझ्या डोक्यावर टाकून भाकरी करायला बसते. टाके मला पडले आणि शहाणी ती.

माझे म्हणणे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मला स्पीकर विकायचा नाही. माझाही नाही आणि तिचाही नाही. निकम यांना मी तसे सांगितले असून त्यांची फेरी फुकट गेली याबद्दल दिलगीर आहे.

तक्रार मागे घेण्याबाबत विचारले असता सांगतो की, बहिणीच्या स्पीकरमधली लोकर बाहेर काढून तिचे तागडीवर दोन सारखे वाटे करावेत व एक वाटा माझ्या स्पीकरमध्ये भरावा, एवढी माझी मागणी आहे. वाटणी म्हणजे वाटणी. लोकर अर्धीच भरेल आणि ढोल पूर्वीसारखा येणार नाही, असे निकम सांगतात. पण दोन्हींतून सारखा येईल. तिला हे मान्य असेल तर माझी तक्रार नाही. मान्य नसेल तर तक्रार आहे. तागडी या खेपेस तिने धरावी.

माझा स्पीकर सध्या तिच्या सोप्यात उघडा आहे. तो मी आज परत नेत नाही, कारण गाडीत जागा नाही. अॅम्प्लिफायर आणि मशीनही तिथेच राहू दे.

वरचे सर्व मला हवालदार साहेबांनी सावकाश वाचून दाखवले व मी ते ऐकले. फळी काढल्याच्या हकिकतीत दोन ठिकाणी "कचरा" असे आले आहे. ते शब्द मीच सांगितले होते. त्या दोन्ही ठिकाणी "लोकर" असे धरावे. बहिणीशी बोलताना मी जे म्हणालो ते मात्र खोडू नये, कारण मी तिला तसेच म्हणालो होतो. बाकी मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम आहे म्हणून सही करतो.

जोतीराम भाऊसो पुकळे
(सही)