नकाशावरचा पांढरा पट्टा

दादा : तू तरी घास जरा. माझा हात भरून आलाय.

धाकटी : मी कशाला घासू? रंगवलाय मी. पुसायची हौस तुला आहे.

दादा : पाण्यानं निघत नाहीये.

धाकटी : निघणार नाही. दुकानदाराला विचारूनच मार्कर घेतला. म्हटलं, उन्हापावसात टिकेल असा द्या.

दादा : दुकानदाराला विचारलंस. सख्ख्या भावाला विचारावंसं वाटलं नाही.

धाकटी : तू नको म्हणाला असतास.

दादा : अर्थात नको म्हणालो असतो. अगं, थोड्या वेळात तिन्ही प्रदेशांचे मंत्री या दारातून सभागृहात जाणार. जाता जाता समोर काय दिसणार? हा भिंतीएवढा नकाशा. आणि नकाशाच्या मधोमध काय? तुझा हिरवा फराटा.

धाकटी : फराटा नाही, कडा धरून नीट भरलाय. लहानपणी चित्रं काढताना तूच सांगायचास, रेघेबाहेर जायचं नाही.

दादा : रेघेबाहेरच गेलीस, हीच तर पंचाईत आहे. हसू नकोस. हा पट्टा, म्हणजे डोंगराचा माथा, नकाशावर पांढरा राहील, या एका अटीवर सगळे टेबलाशी आलेत. आपली बाजू म्हणते माथा आमचा, पलीकडचे म्हणतात आमचा. आजोबांच्या काळापासूनचं दुखणं. मी दोघांच्या हातापाया पडलो, म्हटलं, माथ्याचं नावच काढू नका. तो वगळून बाकीचं जंगल तर परत आणू. उतार आहेत, ओढ्यांचे काठ आहेत, खालचं खोरं आहे. काम काय थोडं आहे?

धाकटी : भरपूर आहे. आणि सगळं वाया जाणार आहे.

दादा : झालं हिचं सुरू.

धाकटी : गेल्या पावसाळ्यात आमच्या उतारावर रोपं लावली. माथा उघडाबोडका. पहिला जोराचा पाऊस झाला, वरची माती घसरली आणि रोपं गाडली गेली. आदल्या वर्षीही तेच. पलीकडे जाऊन बघ, तिथंही तेच. टाळूला टक्कल पडलंय आणि आपण मिशांना तेल चोळतोय.

दादा : हे मला कळत नाही असं वाटतं तुला? तू कॉलेजात होतीस तेव्हा मीच तुला सांगितलं होतं, आधी माथा धरायचा, मग उतार.

धाकटी : मग आता काय झालं?

दादा : आता मी संयुक्त मंडळाचा सचिव झालोय. मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यायचं, हे माझं काम. आज उतार घेतो. माथा पुढच्या करारात.

धाकटी : पुढचा करार कोण करणार? आज फोटो निघाले की ज्याचा तो घरी. आणि पुढच्या पावसाळ्यात रोपं पुन्हा मीच लावायची, कारण आराखड्यावर वनप्रमुख म्हणून माझी सही असणार.

दादा : हळू बोल. आत ध्वनिक्षेपक लावतायत.

धाकटी : ऐकू दे. तुला वणव्याचं सांगितलं होतं ना मी?

दादा : अर्धवट सांगितलंस.

धाकटी : अर्धवट ऐकलंस तू. म्हणालास, बैठका तोंडावर आल्यात, हे फोनवर नको. आता फोन नाहीये, आता ऐक. वणवा माथ्यावर लागला. आम्हाला वरून हुकूम, हद्दीचे दगड ओलांडायचे नाहीत. पलीकडच्यांनाही तोच हुकूम. दोन्हीकडे माणसं ओल्या फांद्या हातात घेऊन उभी, आणि मधे डोंगर जळतोय. नानाला बघवेना. तो गेला आत.

दादा : नाना म्हणजे आपला रखवालदार? तो मोठ्या मिशांचा, आईला मध आणून द्यायचा तो?

धाकटी : तोच. एकटा गेला. हात भाजले, धुरात वाट चुकला आणि पलीकडच्या उतारावर जाऊन कोसळला. त्यांच्या वनप्रमुखांनी उचलून स्वतःच्या घरी नेलं. परत आणायला अख्खा पावसाळा गेला, कारण तो तिकडे गेलाच कसा, हे कुणालाच कागदावर नको होतं. आता उजवी मूठ वळत नाही त्याची.

दादा : तू वर कळवलं नाहीस?

धाकटी : कळवलं की. कामावर असताना जखमी झाला असं लिहिलं. उत्तर आलं, कुठं? मी लिहिलं, माथ्यावर. उत्तर आलं, अशी जागा आपल्या अभिलेखात नाही. पलीकडच्यांनाही त्यांच्या वरच्यांनी हेच कळवलं. म्हणजे बघ, त्या उन्हाळ्यात तिथं वणवा लागलाच नाही. जागाच नाही, तर आग कशाला लागेल?

दादा : मला हे माहीत नव्हतं गं.

धाकटी : म्हणून रंगवला. आता तरी दिसेल.

पाहुणे : येऊ का? तुमचं चाललंय काहीतरी.

दादा : या साहेब, या. अगं, खुर्ची पुढे कर. पलीकडचे वनप्रमुख स्वतः आलेत. साहेब, नकाशाचं बघतोच आहे मी. छपाईत काहीतरी गडबड झाली.

पाहुणे : बसत नाही एवढ्यात. नकाशाचा फोटो कुणीतरी आमच्या मंत्र्यांना दाखवला, म्हणून सगळे मागच्या दारानं आत जातायत. आमच्या मंत्र्यांनी निषेध नोंदवायला पाठवलंय, आणि बसून केलेला निषेध बरा दिसत नाही. ऐका. ‘सदर नकाशात परस्पर फेरफार करून आमच्या भूभागावर दावा सांगण्याचा प्रयत्न झाला आहे. त्याचा आम्ही तीव्र शब्दांत निषेध करतो.’ झालं. आता बसतो.

दादा : साहेब, पाच मिनिटांत झाकून टाकतो. आतून टेबलावरचं कापड मागवलंय.

पाहुणे : रंगवला कुणी?

धाकटी : मी.

पाहुणे : वाटलंच. छपाई इतकी मन लावून गडबड करत नाही. बरं, हा हिरवा तुमच्याकडचा नाही. तुमचा गडद, आमचा पोपटी. हा तिसराच दिसतो.

धाकटी : मुद्दाम घेतला.

पाहुणे : मंत्र्यांना तेच समजावून बघितलं. ते म्हणाले, हिरवा तो हिरवा. नाना कसे आहेत?

धाकटी : बरे आहेत. तुमच्या घरच्यांची आठवण काढतात.

पाहुणे : आमची मंडळी अजून विचारते त्यांना. हातांना पट्ट्या असताना अंगण झाडायला निघायचे. केरसुणी काखेत धरून. ओरडावं लागायचं. शेजारी म्हणायचे, घरजावईच करून टाका.

दादा : साहेब, तुम्हाला हे सगळं माहीत होतं, तर मागच्या बैठकीत एका शब्दानं बोलला नाहीत.

पाहुणे : तुमची अट होती ना, माथ्याचं नाव काढायचं नाही. आम्ही अट पाळली.

धाकटी : दादा, बघतोस काय? साहेबांचं म्हणणंही वेगळं नाही.

पाहुणे : थांबा मॅडम. वेगळं आहे. मला माथा आराखड्यात हवाय, पण तुम्ही मला पाठवलेल्या टिपणात आहे तसा नको. तुम्ही म्हणता सगळा बंद करा, चराई एकदम थांबवा. मग आमच्या मेंढपाळांनी जायचं कुठं?

धाकटी : कुठंही जाऊ देत. साहेब, जुन्या खुंटांना फुटवे येतायत तिथं. नवीन झाड लावायचीसुद्धा गरज नाही, नुसतं सांभाळायचंय. शेळ्यांचा एक कळप फिरला की सगळं साफ.

पाहुणे : बंद केलंत तर येणार नाहीत असं वाटतं? येतील, आणि चिडून येतील. वणवा कुणी लावला असं वाटतं तुम्हाला?

धाकटी : त्यांनी?

पाहुणे : कोवळं गवत लवकर फुटावं म्हणून. खालची कुरणं आम्ही रोपांसाठी कुंपण घालून अडवली. कळप कुठं न्यायचे हे त्यांना सांगितलं नाही. तुमच्या खात्यानं नाही, माझ्याही नाही. त्यांनी त्यांच्या परीनं उत्तर शोधलं.

धाकटी : म्हणजे नानाचे हात ज्यांच्यामुळे भाजले, त्यांना मी रान मोकळं करून देऊ?

पाहुणे : नानांना पाठीवर घालून माझ्या घरी आणलं ते त्यातल्याच एकानं.

धाकटी : हे मला नाना बोलला नाही.

पाहुणे : त्यांना कळलं नसेल. शुद्ध कुठं होती?

धाकटी : वाट देते. खिंडीतून खाली उतरायची. माथ्यावर थांबायचं नाही.

पाहुणे : खिंडीतल्या झऱ्यावर?

धाकटी : पाणी पाजून पुढं जायचं.

पाहुणे : दुपारभर थांबतील. उन्हाळ्यात जनावर चालत नाही हो.

धाकटी : दुपारभर. मुक्काम नाही. आणि खालच्या कुरणांची कुंपणं तुम्ही मागं घ्यायची.

पाहुणे : अर्धी घेतो.

धाकटी : झऱ्याकडची सगळी घ्या, बाकीची राहू देत. आणि राखणीला मेंढपाळांचीच माणसं घ्यायची, तुमच्याकडची आणि आमच्याकडची मिळून. अंगावर गणवेश नको. म्हणजे कुणाचं सैन्य घुसलं म्हणून ओरड नको.

पाहुणे : माथा कुणाचा हे ठरलेलं नाही, असं आराखड्यात सरळ लिहा. जंगलाला त्यावाचून काही अडत नाही.

दादा : एक मिनिट. तुम्ही दोघं इथं पॅसेजमधे बसून करार करताय? करार आत व्हायचाय.

धाकटी : आत फोटो व्हायचाय.

दादा : पुरे आता. माझंही ऐक जरा. हे टेबल मी जमवलंय. एक उठला की दुसऱ्याला बसवायचं, दुसरा रुसला की तिसऱ्याची समजूत काढायची. वहिनी तुझी म्हणते, तुम्ही झोपेतही ‘सन्माननीय सदस्य’ म्हणता. आज पहिल्यांदा तिघं एका छताखाली आलेत. आज सह्या झाल्या नाहीत तर पुन्हा कधी येतील, सांगता यायचं नाही. मी पाया पडून सांगतो, नकाशा झाकू, तू आत चल आणि सही कर.

धाकटी : करणार नाही.

दादा : तांत्रिक आराखड्यावर तिन्ही वनप्रमुखांची सही लागते.

धाकटी : म्हणूनच करणार नाही. नुसता निषेध केला असता तर तू इतिवृत्तात एक ओळ टाकली असतीस आणि चहा मागवला असतास.

दादा : निलंबित करतील तुला.

धाकटी : करू देत. निलंबनाच्या आदेशात कारण लिहावं लागतं. माथा हा शब्द निदान तिथं तरी येईल.

दादा : साहेब, तुम्ही तरी समजवा हिला. तुम्ही वडीलधारे.

पाहुणे : मीही सही करत नाही.

दादा : तुम्हीसुद्धा?

पाहुणे : मला बदलीची धमकी कधीपासून आहे. कुठं टाकतील? एका उघड्या डोंगरावरून दुसऱ्या उघड्या डोंगरावर. तिथंही हेच बोलेन.

दादा : मग मी आत जाऊन काय सांगू?

धाकटी : माथा आराखड्यात येईपर्यंत सह्या होणार नाहीत, असं सांग.

दादा : असं तोंडावर सांगायची पद्धत नसते. मला माझ्या भाषेत सांगू दे. तुम्ही इथंच थांबा. आणि ते कापड आलं तर लावू नका.

(दादा सभागृहात जातात. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज, मग गाड्या सुरू झाल्याचे. बऱ्याच वेळानं ते परत येतात.)

धाकटी : काय झालं?

दादा : साहेबांचे मंत्री उठले आणि गाडीत जाऊन बसले. आपले म्हणाले, खरं म्हणजे आधी मी उठायला हवं होतं. मग तेही गेले.

पाहुणे : माझ्यासाठी काही निरोप?

दादा : तुमची गाडीही घेऊन गेलेत. मला आपल्या मंत्र्यांनी उद्या भेटायला बोलावलंय. ज्या सुरात बोलावलंय, त्यावरून टेबलाचे खण आजच आवरून ठेवावेत म्हणतो. काय गं, नोकरी गेली तर ठेवशील ना तुझ्याकडे?

धाकटी : दोन वेळ जेवायला घालीन. भाषणं ऐकणार नाही. काय सांगितलंस तू आत?

दादा : बरंच जुळवून गेलो होतो. काही तांत्रिक बाबींवर अधिक विचारविनिमय आवश्यक आहे, वगैरे. माईकसमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, माथ्यावर वणवा लागला होता. आमचा एक माणूस त्यात भाजला. पलीकडच्यांनी त्याला सांभाळलं. हे सगळं इतिवृत्तात घ्या म्हटलं. लेखनिक माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, घे लिहून, बघतेस काय.

धाकटी : लिहिलं तिनं?

दादा : मी मागं उभं राहून वाचलं. ठिकाण, माथा. असंच लिहिलंय.

पाहुणे : नानांना सांगा.

धाकटी : सांगते. म्हणजे सगळंच उठलं म्हणायचं?

दादा : सगळं नाही. तिसऱ्या प्रदेशाचे, खालच्या खोऱ्यातले बसून आहेत. मी म्हटलं, तुम्हीही निघालात तरी चालेल. त्यांच्या वनप्रमुख बाई फाडकन म्हणाल्या, का निघू? भांडण तुमच्या दोघांचं, माती येते आमच्या धरणात. दर वर्षी गाळ आम्ही उपसायचा आणि माथ्याबद्दल बोलायचं नाही ही अट आम्हाला न विचारता घालायची. आता दोघांचे मंत्री गेलेच आहेत, तर त्या दोघांना आत बोलवा, मला विचारायचंय त्यांना.

पाहुणे : म्हणजे आमची धुलाई होणार.

दादा : होईलसं दिसतंय. पेन काढूनच बसल्यात. म्हणतात, माथा धरणार असाल तर झऱ्याखालच्या बंधाऱ्यांना माणसं आम्ही देतो.

धाकटी : सही नसताना?

दादा : त्यांनी सहीबद्दल काही विचारलं नाही. मेंढपाळांपैकी कुणाला निरोप देता येईल का, एवढं विचारलं.

पाहुणे : येईल की. पण आत अंधार दिसतो. दिवे मालवले वाटतं.

दादा : मंत्री गेल्या गेल्या सभागृहाच्या माणसांनी मालवले. मी खिडक्या उघडल्यात. दिसतं नीट.