जुलै की जुळं

…बरं, जेवायला तरी ये म्हटलं, तर आतून म्हणते, "थांबा हो, एका बाईला मूल होतंय." आता तुम्हाला सांगतो, ती बाई बाळंत झाली त्याला पंचाहत्तर वर्षं उलटली, आणि आमची भाजी गार होतेय ती आत्ता. कोण कुठली माणसं, ना नात्यातली ना गोत्यातली!

म्हणजे झालंय काय, आमची ही निवृत्त झाली. उभा जन्म औषधांच्या दुकानात गेला, डॉक्टरांनी कागदावर मुंग्या सोडायच्या आणि हिने त्यातून खोकल्याचं औषध शोधायचं. तिला कुणीतरी सांगितलं, जुन्या दवाखान्यांतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचे फोटो काढलेत, घरबसल्या वाचायचे आणि संगणकात भरायचे, म्हणजे लोकांना आपले पूर्वज सापडतात. पैसे? छे, चहासुद्धा आपलाच… आणि तो मी करायचा.

एकच पान दोघं वाचतात, जुळलं नाही तर तपासनीस ठरवतो. तर एका मुलाच्या नोंदीपुढे शेरा होता, शाई पार फुटलेली. दुसऱ्याने वाचलं, 'जुलै, घड्याळजीस दिला.' ही म्हणते, "जुलै नाही, जुळं." तपासनीस बाईंचा फोन आला, आवाज असा नाकातून, "ताईऽ, एका शब्दाचं काय घेऊन बसलात?" ही शांतपणे म्हणते, "बाई, पान मार्चचं आहे. मार्चात जुलै कुठून आला?" "मग दुसरं बाळ कुठंय?"

झालं. ही त्या कारकुनाच्या मागेच लागली. "अहो, बघा ना, त्याचा ळ कसा मांडी घालून बसतो." "शनिवारी याला घरी जायची घाई असायची, रेघा तिरक्या येतात." लग्नाला एवढी वर्षं झाली, मी शनिवारी काय करतो ते हिला सांगता येणार नाही! मेलेल्या माणसाचा हेवा करायची वेळ आली हो माझ्यावर… कोण कुठला कारकून, ना नात्यातला ना गोत्यातला!

आणि सापडलं. पहिल्या कारकुनाची पाळी संपली होती, दुसऱ्याने नवं पान उघडलं, आणि पहिल्याच ओळीवर मुलगी. आई तीच. शेरा, 'आई दगावली, मुलगी अनाथाश्रमात.' तपासनीस बाईंनी निमूट दोन्ही नोंदी जोडल्या. मला वाटलं, सुटलो.

काही दिवसांनी हिला फोन, नंबर तपासनीस बाईंनीच दिलेला. शिवणकाम करणाऱ्या एक आजीबाई, आपल्या आईचं नाव शोधत होत्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, माझं या जगात कुणी नाही. तुमची नोंद वाचली आणि त्या दवाखान्याच्या गावी घड्याळजीच्या दुकानात गेले. एक म्हातारा डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने भिंग काढलं… नाक माझंच होतं हो." हिने फोन ठेवला, चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. मी काहीतरी चेष्टेचं बोलणार होतो. उठून चहा टाकला. या बाईबरोबर मी इतकी वर्षं राहतोय, आणि मला वाटत होतं, ही नुसती टायपिंग करते.

परवा ती दोघं आमच्याकडे आली. कोण कुठली माणसं… आणि मी कपाटातले चांगले कप काढतोय! आली तीच भांडत. आजीबाई म्हणतात, "थोरली मी." घड्याळजी म्हणतात, "मी आधीच्या पानावर आहे." पंचाहत्तर वर्षांची राहिलेली भांडणं एका दुपारी उरकायची होती त्यांना. ही मधे बसून दोघांना साखर वाढतेय, चेहऱ्यावर असं काही की मला चहा गाळायचं सुचेना.

मग काय, मीही नाव नोंदवलं. म्हटलं, आपणही कुणाच्या उपयोगी पडू. जीव ओतून पहिलं पान भरलं, पाठवलं. काल परत आलं. खाली शेरा, 'घाई दिसते. सर्व पुन्हा करावे.'

तक्रार कुणाकडे करणार? हिला बढती मिळालीय. तपासनीस आता हीच आहे.